प्रतिपालक होताना: आधी घर, मग कागद, मग आदेश, शेवटी मूल

प्रतिपालकत्वाची, म्हणजे दुसऱ्याचं मूल ठरावीक मुदतीसाठी आपल्या घरी वाढवण्याची, चौकशी करायला जिल्हा बाल संरक्षण कक्षात येणाऱ्या पुष्कळ जणांचं काम खरं तर दुसऱ्याच टेबलावर असतं. कुणाला दत्तकच घ्यायचं असतं, पण ‘कारा’च्या (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या) प्रतीक्षा यादीत थांबायचं नसतं. कुणी वारलेल्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांपासून सांभाळत असतं आणि त्याला महिन्याला काही मदत हवी असते. कुणाच्या घरी ओळखीतल्या बाईनं मुलगी ‘ठेवून’ दिलेली असते आणि ते सारं आता कागदावर आणायचं असतं. तिघांचे रस्ते वेगळे आहेत. चुकीच्या रस्त्यानं सहा महिने चालून झाल्यावर हे कळलं, तर नुकसान मुलाचंही होतं.

पुढच्या पायऱ्या महाराष्ट्रातली पद्धत धरून लिहिल्या आहेत. मूळ कायदा, म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 आणि त्याचं कलम 44, देशभर एकच आहे, गोव्यातही. राज्याराज्यांत फरक पडतो तो नियम, नमुने आणि रकमांमध्ये.

## पायरी 1: आपलं दार कोणतं, ते आधी ठरवा

दत्तक. मूल कायमचं तुमचं होतं. नाव, आडनाव, वारसा सगळं मिळतं. नोंदणी ‘कारा’कडे आणि नियम वेगळे.

प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर. बाल कल्याण समितीच्या (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल कायद्यानं निर्णय घेणाऱ्या समितीच्या) आदेशानं, ठरावीक मुदतीसाठी, नात्यात नसलेलं मूल तुमच्या घरी वाढतं. त्याचे जन्मदाते हयात असू शकतात. तुरुंगात, दवाखान्यात, व्यसनात किंवा मूल सांभाळता न येण्यासारख्या अवस्थेत असू शकतात. मुदत एक वर्षापर्यंत असेल तर अल्पकालीन, त्यापुढे दीर्घकालीन. आडनाव बदलत नाही आणि वारसा आपोआप मिळत नाही. समितीनं परत मागितलं तर मूल परत द्यावं लागतं.

नात्यातलं मूल. आजी, मामा, काकू सांभाळत असतील तर महाराष्ट्रात आधी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेची चौकशी करावी. 2023 पासून तिची मदत एका मुलामागे दरमहा 2,250 रुपये आहे. त्यासाठी प्रतिपालकांच्या यादीत नाव घालायची गरज नाही.

प्रतिपालकत्व म्हणजे ‘आधी घेऊन बघू, जमलं तर दत्तक’ असं नव्हे. जे मूल दत्तक जाऊ शकतं, त्याला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देऊ नये, असं कलम 44 मध्येच म्हटलं आहे. केंद्राच्या 2024 च्या नमुना मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर प्रतिपालकाला त्याच मुलाच्या दत्तकाचा विचार करता येतो. पण त्यासाठी ते मूल दत्तकासाठी कायद्यानं मुक्त झालेलं असावं लागतं. या एका वाक्यावर आशा ठेवून अर्ज करू नका. बहुतेक मुलं मुक्त नसतात, म्हणून तर ती या वाटेनं येतात.

> इशारा: रस्त्यात, दवाखान्यात किंवा ओळखीतून मिळालेलं मूल ‘आपणच सांभाळू’ म्हणून घरी ठेवून घेऊ नका. पालकांपासून तुटलेलं मूल सापडल्यावर 24 तासांच्या आत बाल कल्याण समिती, पोलीस किंवा 1098 या बालमदत क्रमांकावर कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. कायदेशीर प्रक्रियेबाहेर मूल दत्तक दिलं-घेतलं तर कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैशांची देवघेव झाली असेल तर कलम 81 लागतं आणि कैद पाच वर्षांपर्यंत जाते. स्टॅम्प पेपरवर नोटरी केल्यानं यातलं काहीच कायदेशीर होत नाही.

## पायरी 2: अर्जाआधी घरात बैठक

फायली अडतात कागदांवर. मूल परत जातं ते मात्र बहुधा घरातल्यांमुळे. म्हणून ही पायरी कागदांच्या आधी.

घरात राहणाऱ्या प्रत्येकाला, सासू-सासऱ्यांना आणि स्वतःच्या मुलांनाही, समोर बसवून पाच गोष्टी बोला.

1. येणारं मूल बहुधा सहा वर्षांपेक्षा मोठं असेल, बारा-चौदाचंही असू शकेल. कडेवरचं बाळ या वाटेनं सहसा येत नाही. सहाच्या आतल्या मुलांसाठी कायमचं घर, म्हणजे दत्तक, आधी बघितलं जातं.
2. जात, धर्म, रंग निवडता येणार नाही. सख्खी भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची असतात, तेव्हा दोन मुलं आली तर काय?
3. आई किंवा बाप ठरलेल्या दिवशी मुलाला भेटायला येईल.
4. दर महिन्याला कोणीतरी तपासणीला येईल. स्वयंपाकघर बघेल, मुलाशी एकट्यानं बोलेल.
5. एक दिवस मूल जाईल.

तिसऱ्या मुद्द्यावर आजी गप्प झाल्या आणि पाचव्यावर तुमची धाकटी रडली, तर तिथंच थांबा. पंधरा दिवसांनी पुन्हा बोला. ‘आत्ता हो म्हणूया, मूल आलं की सगळ्यांना लळा लागेल’ या हिशेबावर अर्ज करणाऱ्या घरात दोनच महिन्यांत ‘आमचं मूल’ आणि ‘ते मूल’ अशी वाटणी सुरू होते. ती ताटातसुद्धा दिसते: कोणाच्या पोळीला तूप आणि कोणाच्या नाही.

तपासा: घरात शाळकरी मूल असेल तर त्याला सरळ विचारा, ‘तुझ्या खोलीत कोणी राहायला आलं तर कुठल्या वस्तू फक्त तुझ्याच राहायला हव्यात?’ त्या वस्तूंसाठी कुलपाचा एक खण आजच ठरवून टाका. पुढची निम्मी भांडणं इथंच मिटतात.

## पायरी 3: पात्रता

केंद्राच्या 2024 च्या सूचनांनी दार थोडं रुंद झालं. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित आणि कायद्यानं विभक्त व्यक्तींनाही अर्ज करता येतो. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, दोन्ही सांभाळू शकते. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगाच दिला जातो. जोडप्याचा किमान दोन वर्षांचा स्थिर संसार असावा, आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान 70 भरावी. एकट्या अर्जदाराचं वय किमान 35 आणि कमाल 60. मूल लहान असेल तर वरची मर्यादा आणखी खाली येते, म्हणून पन्नाशी ओलांडलेल्यांनी कोणत्या वयाचं मूल मिळू शकेल ते कक्षात आधीच विचारून घ्यावं.

याखेरीज अर्जदार भारतीय नागरिक असावा आणि त्याच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नसावा. घरातल्या सर्वांच्या तपासण्या व्हाव्या लागतात, त्यांत एचआयव्ही, क्षय आणि हिपॅटायटिस बी येतात. उत्पन्नाचा ठरावीक आकडा नाही. मुलाचा खर्च तुमच्या मिळकतीत सामावतो का, एवढंच बघतात. भाड्याचं घर असलं म्हणून नकार येत नाही. भाडेकरार मात्र संपलेला नको.

## पायरी 4: कागद, आणि कोणता कधी काढायचा

काही कागद लवकर जुने होतात, काही मिळायलाच वेळ लागतो. म्हणून क्रम असा ठेवा.

सर्वांत आधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नांची नोंद अनेकदा नसते. शहरात महापालिकेत किंवा नगरपालिकेत, गावी ग्रामपंचायतीत. पत्रिका, लग्नाचा फोटो, साक्षीदार हे सगळं जमवण्यात वेळ जातो. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते.

मग नावांचा मेळ. सर्वांत जास्त फायली इथं परत येतात. पत्नीचं आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच. आधी ही दुरुस्ती करून घ्या आणि त्यानंतरच बाकीचे दाखले काढा. उलट केलंत तर प्रत्येक दाखला दोनदा काढावा लागेल.

तिसरा उत्पन्नाचा पुरावा. नोकरदारांसाठी पगारपत्रक आणि आयकर विवरण. शेतकरी, कारागीर, दुकानदार यांनी तहसीलदारांचा दाखला सेतूतून काढावा. मार्चमध्ये काढू नका. आर्थिक वर्ष संपलं की तो जुना ठरतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा रांग.

चौथी पोलिसांची चारित्र्य पडताळणी. घरातल्या प्रत्येक प्रौढाची वेगळी. फक्त नवऱ्याची काढून आणणं ही नेहमीची चूक. घरी राहणारा सज्ञान पुतण्याही यात येतो.

अगदी शेवटी वैद्यकीय तपासण्या. त्या ताज्याच हव्यात. खासगी लॅबचा अहवाल चालतो की जिल्हा रुग्णालयाचाच लागतो, हे आधी विचारा. जिल्ह्यागणिक उत्तर बदलतं.

याशिवाय ओळख आणि पत्त्याचे पुरावे, कुटुंबाचा एकत्र फोटो, घराचे कागद किंवा भाडेकरार, आणि तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या, पण नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची नावं. शाळेचे मुख्याध्यापक, नेहमीचे डॉक्टर, सोसायटीचे सचिव अशी माणसं निवडा. नगरसेवकाचं शिफारसपत्र नको. ज्यानं तुमच्या घरी कधी चहा घेतला नाही, त्याच्या पत्राचा चौकशीत उपयोग नसतो.

तपासा: स्वसाक्षांकित प्रतींचे तीन संच करा: एक कक्षासाठी, एक समितीसाठी, एक स्वतःच्या कपाटात. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवायचे आणि परत पिशवीत घालायचे.

## पायरी 5: नोंदणी

अर्ज दोन्हीकडे पोचायला हवा. एक, ‘कारा’च्या पोर्टलवर प्रतिपालकांसाठी असलेली ऑनलाइन नोंदणी. तिथं चढवलेली कागदपत्रं तुमच्या जिल्ह्याच्या कक्षाला दिसतात. दुसरं, प्रत्यक्ष जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो. नुसतं ऑनलाइन करून घरी वाट बघत बसणारे वर्षभर बसून राहतात. तिथं जाऊन अर्जाची पोच घ्या आणि पोचेवर आवक क्रमांक आहे ना ते बघा.

पोर्टलवर दत्तकाच्या टॅबमध्ये अर्ज भरणं ही चूक इतकी होते की ती वेगळी सांगायला हवी. ‘प्रॉस्पेक्टिव्ह अॅडॉप्टिव्ह पेरेंट’ असं लिहिलेलं दिसलं तर मागं फिरा. तुमचं पान फॉस्टरचं आहे.

अर्ज, चौकशी, आदेश यांपैकी कशासाठीही पैसे द्यावे लागत नाहीत. ‘संस्थेला देणगी दिली की मूल लवकर मिळतं’ असं कोणी सांगितलं, तर तो माणूस कलम 81 च्या हद्दीत आहे आणि तुम्हालाही तिथंच ओढतो आहे.

## पायरी 6: गृहचौकशी

ऑफिसात हिला सगळे होम स्टडीच म्हणतात. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांतला नमुना 30 त्यासाठीच आहे. सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, सहसा एकापेक्षा जास्त वेळा, आणि प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतो.

काय बघतात? पिण्याचं पाणी, संडास, मुलाला झोपायला जागा, अभ्यासाला कोपरा. शाळा आणि दवाखाना किती लांब. घरात दारू किती आणि कोणाची. कर्ज किती. रागावलं की या घरात काय होतं. आणि मुख्य म्हणजे, मूल का हवंय.

या शेवटच्या प्रश्नाला ‘म्हातारपणी आधार’, ‘घरकामाला मदत’, ‘पुण्य’ किंवा ‘आमच्या मुलाला सोबत’ अशी उत्तरं येतात. पहिल्या दोन्हींवर फाईल बंद झाली तरी तक्रार करायला जागा नाही. घरी आणलेल्या मुलाला कामाला जुंपणं हा कायद्यानं वेगळा गुन्हाच आहे. ‘पुण्य’वालेही टिकत नाहीत, कारण मूल उपकार मानत नाही आणि त्यानं मानूही नयेत. सोबतीसाठी मूल मागणाऱ्यांनी स्वतःच्या मुलाला क्रिकेटच्या क्लासला घालावं.

कर्ज, जुना आजार, आधीचं मोडलेलं लग्न, घरातल्या कोणाचं पूर्वीचं व्यसन हे लपवू नका. या गोष्टींमुळे नकार येईलच असं नसतं, पण त्या शेजाऱ्याकडून कळल्या तर नकार नक्की. घराला मुद्दाम रंग काढू नका, भाड्यानं फ्रीज आणू नका. चौकशीला येणारा माणूस भिंती बघत नाही. तुमची मुलं त्याच्यासमोर मोकळी बोलतात की आधी आईच्या तोंडाकडे बघतात, तिकडे त्याचं लक्ष असतं.

तपासा: अहवालात तुमच्याबद्दलची मूळ माहिती (वय, पत्ता, घरातली माणसं, उत्पन्न) बरोबर लिहिली आहे का, हे विचारून खात्री करा. पुढं घर बदललं, नोकरी गेली, घरात कोणी राहायला आलं, तर ते लेखी कळवा. मंजूर झालेलं घर आणि मूल जाणार ते घर एकच असायला हवं.

## पायरी 7: जुळवणी आणि भेटी

तुमच्या बाजूनं गृहचौकशी, मुलाच्या बाजूनं बाल अध्ययन अहवाल, म्हणजे नमुना 31. दोन्ही समोर ठेवून कक्ष नाव सुचवतो आणि निर्णय समिती घेते. मुलांचे फोटो तुमच्यापुढे ठेवून ‘निवडा’ असं होत नाही, आणि तशी मागणीही करू नका.

नाव सुचवलं गेलं की हे विचारा: आतापर्यंत किती ठिकाणी राहिलं? भावंडं कुठं आहेत? शाळा कोणत्या इयत्तेत सुटली? औषधं चालू आहेत का? अॅलर्जी, फिट्स, शस्त्रक्रिया? रात्री झोपतं कसं? कशाला घाबरतं? आई-वडील हयात आहेत का, भेटीचा आदेश आहे का? उत्तरं वहीत लिहून घ्या. भावनेच्या भरात ‘कसंही असू दे, आमचंच आहे’ म्हणून न विचारता घरी नेलेल्या मुलाला तिसऱ्या दिवशी फिट येते आणि गोळीचं नाव कोणालाच माहीत नसतं.

भेटी टप्प्यानं होतात: आधी बालगृहात, मग बाहेर थोडा वेळ, मग परवानगीनं घरी. पहिल्या भेटीला मोठी खेळणी नेऊ नका. बालगृहात बाकीची वीस मुलं बघत असतात आणि तुमच्या मुलाला नंतर तिथंच झोपायचं असतं. पत्त्यांचा जोड किंवा रंगपेटी पुरते, कारण ती सगळ्यांबरोबर वापरता येते. कोणतंही वचन देऊ नका. ‘पुढच्या रविवारी घरी नेतो’ म्हणालात आणि आदेश लांबला, तर मूल रविवारभर फाटकाशी उभं राहतं.

मुलाचं मत विचारलं जातं. त्यानं नाही म्हटलं तर रुसू नका. कदाचित त्याचा धाकटा भाऊ त्याच बालगृहात असेल.

## पायरी 8: आदेश हातात, मगच मूल घरात

समितीचा प्रतिपालकत्वाचा आदेश (नमुना 32) आणि तुम्ही सही करायचं हमीपत्र (नमुना 33), या दोन कागदांशिवाय मूल एका रात्रीसाठीसुद्धा ‘राहायला’ आणू नका. दिवाळीला नाही आणि वाढदिवसाला नाही, त्यासाठी वेगळी लेखी परवानगी असल्याशिवाय.

आदेश हातात आला की तिथंच उभं राहून वाचा:

- मुलाचं नाव, वय, प्रकरण क्रमांक शाळेच्या दाखल्याशी जुळतात का?
- मुदत कधीपासून कधीपर्यंत?
- पुढची तारीख कोणती?
- अंतिम आदेशावर समितीच्या किमान तीन सदस्यांच्या सह्या आणि शिक्का आहे का?
- भेटींबद्दल काय लिहिलंय?
- शस्त्रक्रियेची वेळ आली तर संमतीची सही कोणाची? हे आदेशात नसेल तर त्याच दिवशी लेखी विचारा. रात्री दोन वाजता अपेंडिक्सच्या वेळी हा प्रश्न विचारायला कोणी भेटत नाही.

मुलाबरोबर या वस्तू यायलाच हव्यात: आधार, जन्मदाखला किंवा वयाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरण आणि औषधांची फाईल, बँक पासबुक असेल तर ते, आणि त्याची स्वतःची पिशवी. ती प्लॅस्टिकची, फाटकी, वास येणारी असेल. फेकू नका आणि न विचारता धुऊही नका. आतला मळका रुमाल कदाचित आईचा असेल.

> इशारा: मुलाचा फोटो, नाव, ‘आमच्या घरी नवा पाहुणा’ असलं काहीही स्टेटसवर, फेसबुकवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करण्याला कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गणपतीच्या आरतीचा सगळ्यांचा एकत्र फोटोही यात येतो. नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा, कारण फोटो बहुधा आत्याच टाकते.

## पायरी 9: पहिले सहा आठवडे

पहिले दहा-पंधरा दिवस मूल पाहुण्यासारखं वागतं. ताट स्वतः घासतं, विचारल्याशिवाय बसत नाही. घरातले खूश होतात: किती शहाणं मूल! मग एक दिवस ते भांडं आपटतं, खोटं बोलतं, शिवी देतं. बिघडलं असं समजू नका. आता त्याला इथं राहायचं आहे आणि तुम्ही कधी हाकलता ते बघायचं आहे. नेमक्या याच आठवड्यात कक्षाला ‘परत न्या’ असे फोन जातात.

अन्न. उशीखाली दुमडलेली पोळी, दप्तरात गूळ, कपाटामागं बिस्किटं. ही चोरी नाही. पुढचं जेवण मिळेल की नाही, याची खात्री नसलेल्या पोटाची ती सवय आहे. ओरडू नका आणि झडती घेऊ नका. त्याच्या हाताला येईल अशा जागी एक डबा ठेवा, त्यात चिवडा, केळी, शेंगदाण्याचे लाडू, आणि सांगा, ‘हा डबा तुझा, कधीही उघड, रात्रीही.’ रिकामा झाला की न बोलता भरा. लपवणं हळूहळू थांबतं. डबा बंद केलात तर पुन्हा सुरू होतं.

रात्र. अंथरूण ओलं होणं दहाव्या-बाराव्या वर्षीही होतं. गादीवर रबरी शीट, दोन जादा चादरी, दिवा मंद चालू. सकाळी चादर बदलताना घरातल्या इतर मुलांसमोर एक शब्द नको. महिनाभरानंतरही कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, जंतुसंसर्गही असू शकतो.

हाक. ‘आई म्हण’ असा आग्रह नको. त्याची आई आहे किंवा होती. काकू, मावशी, ताई, जे तोंडातून निघेल ते.

अंग. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, मिठी मारणं यांत आधी विचारा. काही मुलांच्या अंगाला हात लागला की ती ताठ होतात. कोणी त्रास दिल्याचं मुलानं सांगितलं तर खोदून विचारू नका. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि ताबडतोब कक्षाला, नाहीतर 1098 वर कळवा.

शाळा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. फॉर्मवर पालकांच्या रकान्यात त्याच्या जन्मदात्यांची नावं, आणि संपर्कासाठी तुमचं नाव ‘प्रतिपालक’ म्हणून, सोबत आदेशाची प्रत.

इथं एक चूक वर्षानुवर्षं छळते. प्रेमापोटी किंवा लाजेपोटी घरचे मुलाला स्वतःचं आडनाव लावून टाकतात. शाळेच्या जनरल रजिस्टरला ते एकदा चढलं की शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच येतं, मग दहावीच्या प्रमाणपत्रावर. जातीचा दाखला काढायच्या वेळी आडनाव जुळत नाही. महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्रही याच नोंदींवर उभं राहतं. आडनाव न बदलणं हे तुम्ही त्या मुलासाठी करायचं मोठं काम आहे, जरी ते त्याला आत्ता कळलं नाही तरी.

वर्गशिक्षकांना एकट्यांना गाठून थोडक्यात सांगा. ‘माझे कुटुंब’ हा निबंध आणि मातृदिनाचं भेटकार्ड हे दोन दिवस आधी कळवायला सांगा, म्हणजे आदल्या संध्याकाळी मुलाशी बोलता येईल.

## पायरी 10: दर महिन्याचं काम

पैसे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या 2022 च्या सूचनांप्रमाणे मदत एका मुलामागे दरमहा 4,000 रुपये आहे, आणि तिला प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समितीची मंजुरी लागते. हे पैसे मुलाचे. खातं कोणाच्या नावानं, संयुक्त की मुलाचं, ते कक्ष सांगेल तसं. अनुदान उशिरा येतं, दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं, म्हणून पहिल्या चार महिन्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून धरूनच पुढं व्हा. या रकमेवर घराचा हप्ता बसवणाऱ्यानं प्रतिपालक होऊ नये.

वही. दोनशे पानी एक वही. डावीकडे खर्च आणि पावत्या, उजवीकडे तारीखवार चार ओळी: आजारपण, शाळा, भेट, काही वेगळं घडलं तर ते. समितीची तपासणी दर महिन्याला होते. त्या वेळी ‘सगळं छान आहे’ असं सांगण्यापेक्षा ही वही पुढं करा. तपासणाऱ्याला मुलाशी एकांतात बोलू द्या, दाराशी घुटमळू नका.

जन्मदात्यांच्या भेटी. ठरल्या जागी, ठरल्या वेळी. घरचा पत्ता द्यायचा की नाही, हे समिती ठरवेल. भेटीनंतर एक-दोन दिवस मूल जेवत नाही, चिडतं, रात्री रडतं. लगेच ‘भेटी बंद करा’ असा अर्ज करू नका. दुखतं म्हणून भेट वाईट ठरत नाही. पण भेटीत मारहाण, धमकी किंवा दारू असेल, तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लेखी कळवा. बापाबद्दल घरात वाईट बोलू नका. मूल ते स्वतःबद्दलच ऐकतं.

प्रवास. गावच्या जत्रेला किंवा लग्नाला जिल्ह्याबाहेर न्यायचं तर आधी कळवा आणि परवानगी लेखी घ्या. आदेशाची प्रत प्रवासात जवळ ठेवा. रेल्वे स्टेशनवर घाबरलेलं मूल आणि वेगळं आडनाव दिसलं की पोलीस विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं.

तपासा: आदेशाची मुदत संपायच्या दोन महिने आधी कॅलेंडरवर खूण करा आणि मुदतवाढीबद्दल कक्षाशी बोला. मुदत संपलेला आदेश घेऊन मूल सांभाळणं म्हणजे आदेशाविना सांभाळणंच.

## पायरी 11: झेपत नसेल तर, आणि मूल परत जाताना

आजारपण, बदली, घरातला मृत्यू, किंवा नुसतंच जमत नाही असं होऊ शकतं. तसं असेल तर कक्षाला लवकर सांगा, समुपदेशन मागा, काही दिवसांची दुसरी सोय होते का ते विचारा. मूल परस्पर गावी आईकडे पाठवणं, वसतिगृहात टाकणं, दुसऱ्या घरी ‘देऊन टाकणं’ हे अजिबात नाही. मूल समितीनं तुमच्याकडे दिलं आहे, ते समितीमार्फतच पुढं जाईल.

जन्मदाते सांभाळू शकतात असं समितीला वाटलं, तर मूल घरी जातं. तारीख कळली की मुलाला लगेच सांगा, आदल्या रात्री नाही. उरलेल्या दिवसांत हे करा:

1. शाळेतून दाखला आणि गुणपत्रकं घ्या, वर्ष मध्येच तुटणार असेल तर बदलीची तारीख कक्षाशी बोलून ठरवा.
2. औषधं महिनाभराची आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत.
3. पासबुक भरून, वहीतला हिशेब बंद करून, दोन्हींची पोच.
4. तुमच्या घरातल्या दिवसांचे वीस-पंचवीस फोटो छापून एका छोट्या अल्बममध्ये. मोबाइलमधले फोटो मुलाबरोबर जात नाहीत.
5. कपडे, पुस्तकं, सायकल, सगळं त्याचंच. ‘हे आता इथं राहू दे’ असं काही नको.
6. जुनी पिशवी तशीच, आतल्या रुमालासह, नव्या बॅगेच्या आत.

पुढं फोन करायचा की नाही, हे समितीला विचारून ठरवा आणि जे ठरेल तेच मुलाला सांगा. निघण्याच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी हजर राहावं, तुमच्या मुलांनीही, त्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल. चिवड्याचा डबा भरून बॅगेत सगळ्यांत वर ठेवा.